पान एकसष्टवर नसलेल्या ओळी

इथे बरेच जण सुरुवातीलाच सांगतात की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझं प्रकरण जरा वेगळं आहे. मी भुतं तयार करायचो. बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी भयकथांची छोटी पुस्तकं लिहायचो — टोपणनावाने, वर्षाला दोन. चेटूक, करणी, अमावस्या, विहीर, उलटे पाय... सगळा माल माझ्याकडे तयार असायचा. हलवायाला जसं पेढ्याचं अप्रूप नसतं, तसं मला भुताचं नव्हतं. भीती कुठल्या वाक्याला लागते, प्रकरण कुठे तोडायचं, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे विश्वास वगैरे प्रश्नच नव्हता.

टोपणनाव सांगत नाही. या ग्रुपवरच्या काहींनी ती पुस्तकं शाळेत असताना वाचली असतील. वाचली असतील तर ओळखाल, आणि ओळखलंत तर कृपया कमेंटमध्ये लिहू नका.

मी धुळ्यात, देवपूरला राहतो. एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. त्याआधी, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी, शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर दोन वर्षं शिक्षणसेवक होतो. गावाचं नाव देत नाही, कारण एकदा मी ते जवळजवळ दिलंच होतं आणि त्याचं काय झालं तेच सांगायला बसलोय.

शाळा दोन खोल्यांची. मी शाळेच्याच एका खोलीत राहायचो. शेजारी, ओढ्याच्या अलीकडे, शेवटचं घर रेलीबाईचं. विधवा, तेव्हा पन्नाशीची असेल. मुलगा गुलाब, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. पावसावरची थोडी ज्वारी-तूर, चार शेळ्या, उन्हाळ्यात मोहाची फुलं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं लहानपणी भाजून एकमेकांना चिकटलेली होती. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती दारात राखेची रेघ ओढायची. शेळ्यांशी बोलायची. घरात त्यांची बोली वेगळी, पण माझ्याशी बोलताना ती अहिराणी बोलायची, कारण मी धुळ्याचा.

दुसऱ्या पावसाळ्यात मला हिवताप झाला. ओढ्याला पाणी, दुसरे गुरुजी सुट्टीवर, मोबाईल नाहीच. चार दिवस रेलीबाई सकाळ-संध्याकाळ ज्वारीची पेज घेऊन आली. "मास्तर, उठा. पेज पी ल्या," एवढंच म्हणायची आणि मी पिईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. पाचव्या दिवशी पाणी ओसरलं, गुलाबने मला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. मी वाचलो.

पुढे बदली झाली, लग्न झालं, लिहायला लागलो. आणि आठ वर्षांपूर्वी, एक पुस्तक द्यायची तारीख डोक्यावर आली आणि काही सुचेना, तेव्हा मी त्या पाड्यावर परत गेलो. मनानेच. पुस्तकाचं नाव ठेवलं 'ओढ्याकाठचं शेवटचं झोपडं'. त्यात एक तरुण मास्तर पाड्यावर येतो. शेजारी एक बाई राहते. तिची दोन बोटं जन्मतःच जुळलेली आहेत — ती 'खूण' आहे. ती दारात राखेचं रिंगण आखते. शेळ्यांच्या तोंडून मेलेल्यांशी बोलते. मास्तरला ताप येतो, ती त्याला पेज पाजते, आणि रोज तो थोडाथोडा तिचा होत जातो. शेवटी मरतो. बाईचं नाव ठेवलं रेवली. मधे एक 'व' घातला आणि समजलो की नाव बदललं.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मी तिथे होतो त्या दोन वर्षांत रेलीबाईला कुणी डाकीण म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकदाही नाही. तो शब्द तिला पहिल्यांदा मी लावला.

प्रकाशक खूश झाले. म्हणाले, "सर, कव्हरवर 'सत्य घटनेवर आधारित' टाकू. या वयाच्या मुलांना खरं लागतं." मी म्हटलं, टाका. मला तापही आला होता, बाईही होती, पेजही होती... अगदीच खोटं कसं, असं मी स्वतःला सांगितलं. पुस्तक खूप चाललं. शाळांच्या ग्रंथालयांत गेलं. मुलांची पत्रं यायची — सर, हे खरं आहे का? मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचो, "तुम्हाला काय वाटतं?" फार हुशारीचं वाटायचं मला ते उत्तर.

आता मुख्य गोष्ट.

या जानेवारीत सावद्याच्या एका शाळेने मला बोलावलं. वाचनाचा कार्यक्रम, आठवी ते दहावीच्या मुली. पत्रव्यवहार तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी केला होता. मी पहाटेची गाडी धरून भुसावळला उतरलो, तिथून एसटीने सावद्याला. केळीने भरलेल्या ट्रकांमुळे रस्त्यावर अर्धा तास गेला. शाळेत पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. हॉलमध्ये लख्ख ऊन होतं, खिडक्या उघड्या. हे मुद्दाम सांगतो. अंधार, वीज जाणं, कुत्री रडणं — माझ्या पुस्तकांतलं काहीही तिथे नव्हतं. मुलींना पोहे वाटत होते.

सत्कार झाला. मग मॅडम म्हणाल्या, आमची जागृती तुमच्या पुस्तकातला उतारा वाचणार आहे. आठवीतली मुलगी, दोन वेण्या, चष्मा. वडील बँकेत, घर गावातलंच. तिने ग्रंथालयाची प्रत हातात धरली आणि वाचायला लागली. पान साठ. मास्तरला ताप चढतो तो प्रसंग. छान वाचत होती. मी मान हलवत होतो.

तिने पान उलटलं. आणि वाचता वाचता तिचा वेग कमी झाला. अवघड शब्द आले की मुलं करतात तसा. आवाज तोच, चेहरा तोच. तिने वाचलं —

"मास्तर, माले लिखता येत नही. मन्हं नाव लिखी दखाडा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माझ्या पुस्तकात अहिराणीचं एक वाक्य नाही. प्रकाशकांना चालत नसे.

"मास्तरनी पाटीवर नाव लिखं. तिनी दखं. बोलनी — इतलंसं शे का?"

माझी मान हलायची थांबली. का, ते सांगतो. तापातून थोडा उठून बसायला लागलो तेव्हा, चौथ्या दिवशी, रेलीबाईने मला हेच म्हटलं होतं. मला लिहिता येत नाही, माझं नाव लिहून दाखवा. मी भिंतीला टेकलेली पाटी घेतली, खडूने 'रेली' लिहिलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, एवढंसंच आहे का? मी हसलो. तीही हसली. संपलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. गुपित होतं म्हणून नाही, सांगण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून. बायकोलाही नाही. पुस्तकातही घेतलं नाही, कारण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी स्वतःच ते विसरून गेलो होतो.

जागृती पुढे वाचत होती.

"मन्हं नाव इतलंसं. मंग मन्हावर इतलं काबर लिखं, मास्तर?"

मग माझ्यावर एवढं का लिहिलं, हे मात्र रेलीबाई तेव्हा म्हणाली नव्हती. तेव्हा मी काही लिहिलंच नव्हतं.

मी उठलो. बहुतेक जोरात उठलो असेन, कारण खुर्ची मागे पडली. "थांब. हे कुठे आहे?" मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं. पान एकसष्ट. पहिली ओळ, 'रेवलीने राखेचं रिंगण आखलं आणि वाटी त्याच्या ओठांना लावली.' खाली सगळं माझंच. अहिराणी नाही, पाटी नाही, नाव नाही. पुढची-मागची पानं बघितली. काही फाटलेलं नाही, काही चिकटवलेलं नाही. शाळेचा शिक्का होता, बस.

जागृती गोंधळली. "सर, मी पुस्तकातलंच वाचलं. पान उलटल्यावर होतं ना ते... अवघड होतं म्हणून हळू वाचलं."

मुख्याध्यापिका पुढे आल्या. पाहुण्यांसमोर मनाचं वाचतेस का, कुणी शिकवलं तुला हे, असं सगळ्यांदेखत तिला बोलल्या. तिने चष्मा काढून डोळे पुसले आणि परत तेच म्हणाली, "मॅडम, मी पुस्तकातलंच वाचलं."

मी काही बोललो नाही. मला ठाऊक होतं की ती मुलगी हे मनाने रचूच शकत नाही. सावद्याकडची बोली वेगळी. तिथल्या मुलांना अहिराणी नीट कळतही नाही, बोलणं तर लांबच. आणि बोली येत असती तरी ती पाटी तिला कुठून माहीत? पण मी बोललो असतो तर मला सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून मी पाणी प्यायलो आणि भाषण केलं. 'कल्पनाशक्तीचं महत्त्व' या विषयावर. ती मुलगी मागच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रंथपाल मॅडमचा व्हॉट्सअॅप आला. त्यांनी वाचन मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. त्यांचा प्रश्न साधा होता, सर, हा उतारा दुसऱ्या आवृत्तीत आहे का? मी हेडफोन लावून ऐकलं. अहिराणीतली सगळी वाक्यं होती. म्हणजे मला भास झाला नव्हता. घरातल्या सगळ्या आवृत्त्यांच्या प्रती काढून पान एकसष्ट बघितलं. कुठेच नाही. मॅडमना फोन करून म्हटलं, त्या मुलीची काही चूक नाही, तिला तसं सांगा, आणि मुख्याध्यापिकांनाही सांगा. त्या म्हणाल्या, "सर, हे तुम्ही काल सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं.

पुढच्या रविवारी मी मोटरसायकल काढली. सोनगीरचा किल्ला मागे पडला, शिरपूर आलं, तिथून उत्तरेला वळलो. आता पाड्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. ओढ्यावर पूल आहे. शाळा नवीन रंगाची. शेवटचं घर मात्र बंद होतं, छपराचा एक कोपरा खाली आलेला. गुलाब आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. चाळीशीकडे आलेला, केस पांढरे. मला त्याने लगेच ओळखलं. खाट टाकली. पाणी दिलं. मग म्हणाला, "माय नही शे आते. गया पोयाले गई."

म्हणजे गेल्या पोळ्याला ती वारली. मी मनातल्या मनात महिने मोजले. कार्यक्रम जानेवारीत, पोळा त्याच्या चार-पाच महिने आधी. तिथी जुळत नव्हती, वार जुळत नव्हता. ही माझी कथा असती तर मी जुळवलं असतं.

"कशाने गेली?"

"म्हातारी व्हयनी व्हती." मग म्हणाला, "अठे नही गई. बहिणकडे, सेंधव्याकडे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याने आवाज चढवला नाही, मला शिवी दिली नाही. ते जास्त जड गेलं.

पुस्तक जवळच्या आश्रमशाळेत आलं होतं, ग्रंथालयाच्या पेटीतून. मुलांनी वाचलं. ओढा, शाळा, शेवटचं झोपडं, चिकटलेली बोटं... कुणाला ओळखू येणार नाही? आधी गंमतच होती. मुलं यायची, आजी हात दाखव म्हणायची, आणि ती दाखवायची. मग एका पावसाळ्यात पाड्यावर एक लहान मूल तापाने गेलं. तेराव्याच्या आत कुणीतरी पुस्तक घेऊन आलं. कव्हरवरची ओळ मोठ्याने वाचली गेली. सत्य घटनेवर आधारित. लोक गुलाबला म्हणाले, आम्ही म्हणत नाही, शिकलेल्या माणसाने लिहिलंय. आपला मास्तर होता तो, जवळ राहत होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं असेल.

"पुस्तकमा लिखेल शे ना, मास्तर," गुलाब म्हणाला. "बठ्ठा गावनी वाचं. मी एकला काय सांगू?"

छपरावर दगड पडायला लागले तेव्हा तो तिला तिच्या बहिणीकडे, सीमेपलीकडे सेंधव्याजवळ, सोडून आला. ती परत आली नाही. पोलिसांत का गेला नाहीस, आता जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, असं मी विचारलं. मग मलाच कळलं की हा प्रश्न विचारणारा मी कोण.

"तिला माहीत होतं? पुस्तक कुणी लिहिलंय ते?"

"हा. मन्ही पोर वाचस ना. मायनी तिनाकडतून बठ्ठं आयकी लिधं. दोन दुपारा."

"सगळं ऐकून काय म्हणाली?"

"काहीच नही. शेवटले एकच इचारं — मास्तर बरा व्हयना ना?"

मास्तर बरा झाला ना... पुस्तकातला.

"पोर बोलनी, नही आजी, मरी जास."

मला रडू आलं नाही. मी लेखक आहे. अशा वेळी काय व्हायला हवं ते मला माहीत होतं, आणि ते झालं नाही. मी मोबाईल काढून त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. मला वाटलं होतं तो घाबरेल, किंवा हात जोडेल. त्याने एकदा ऐकलं. परत लावा म्हणाला. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

"आवाज त्या पोरना शे," तो म्हणाला. "बोलनं मायनं शे."

"हे कसं झालं असेल, गुलाब?"

"माले काय इचारतस? तिनी तुम्हले इचारेल शे. उत्तर द्या तिले."

माझ्याकडे उत्तर होतं. ओठांपर्यंत आलं होतं, पण त्याच्यासमोर बोलवलं नाही. इथे लिहितो. मी एवढं लिहिलं, कारण ती वाचू शकत नव्हती. वाचता येणाऱ्या माणसावर लिहिताना मी दहादा विचार केला असता. नाव नीट बदललं असतं. आमच्या हेडमास्तरांवर मी कधीही गोष्ट लिहिली नाही.

निघताना गुलाबने एकच मागितलं. त्याच्या मुलीच्या — तीच, वाचणारी — लग्नाचं बघत होते, आणि दोन ठिकाणांहून आजीची चौकशी होऊन नकार आला होता. हे सगळं खोटं आहे असं मी लिहून द्यावं, म्हणाला. मी तिथेच वहीची दोन पानं लिहिली. रेलीबाईने मला वाचवलं, पुस्तकातलं बाकी सगळं मी रचलं, दोष माझा. खाली खरं नाव, शाळेचं नाव, सही. दुपारी निंबाखाली पंधरा-वीस लोक जमले. मी वाचून दाखवलं. शेवटी एक म्हातारे आबा होते, मी तिथे शिक्षक असताना माझ्यासाठी भाजी पाठवायचे, त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि अगदी समजुतीने म्हणाले, "मास्तर, ते छापेल शे. हाई हातनं लिखेल शे."

आणि कागद परत दिला.

प्रकाशकांना मी पुस्तक मागे घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, नवी आवृत्ती आत्ताच छापून आलीये, शाळांच्या ऑर्डरी आहेत. ती संपली की पुढच्या वेळी कव्हरवरची ओळ काढू. करार माझ्याच सहीचा आहे. वकिलाला भेटलोय, बघू. ते निवेदन मी धुळ्यात छापून घेतलं, छोटी पुस्तिका केली आणि आश्रमशाळेत, पाड्यावर, जिथे जिथे ते पुस्तक गेलं असेल त्या शाळांत स्वतः नेऊन देतोय. एका शाळेत नववीतल्या मुलाने उभ्या उभ्या ती चाळली आणि परत करत म्हणाला, "सर, यात तर काहीच होत नाही."

गुलाबच्या मुलीचं अजून जमलेलं नाही. मी त्याला दर आठवड्याला फोन करतो. तो उचलतो, कसे आहात विचारतो, आणि ठेवतो.

भयकथा लिहिणं मी बंद केलंय. त्यात काही मोठेपणा नाही. आता जमतच नाही. सावद्याला परत गेलो होतो, जागृतीची तिच्या वर्गासमोर माफी मागितली. तिला विचारलं, त्या ओळी कागदावर कशा दिसत होत्या? ती म्हणाली, "बाकीच्यांसारख्याच, सर. काळ्या." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण त्यांच्याखाली बरीच जागा मोकळी होती."

तसं का, मला माहीत नाही. त्यातलं काहीच मला माहीत नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण इथे टाकणार नाही. आणि कृपया कुणी मला लिंक मागू नका, कुठल्या बाबाचा नंबरही पाठवू नका. ती बाई जिवंत असताना तिच्याबद्दल एवढं लिहून झालंय की आता मला तिच्यावर आणखी एक गोष्ट नकोय. ही मी लिहिली, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कुणाच्या शाळेत ते पुस्तक असेल. मुलांनी विचारलं, हे खरं आहे का, तर त्यांना 'तुम्हाला काय वाटतं' म्हणू नका. नाही म्हणून सांगा. ती बाई पेज करून आणायची, एवढंच खरं आहे.